गावच्या झाडांची वही कशी लिहावी? आणि औषध लिहावं का?

व्हाळापलीकडे

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण मदत हवी आहे.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. वर डोंगर, खाली मळे, मधे माडा-पोफळीची बागायत आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला देवराई. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत माझं नाव घातलं. पहिल्याच बैठकीत मी लोक जैवविविधता नोंदवही बघायला मागितली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ही समिती आणि ही वही प्रत्येक पंचायतीत असायला हवी. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती, त्या धावपळीत आमचीही वही झाली होती.

कपाटातून वही काढली. छान बांधणीची, वर सोनेरी अक्षरं. आत तिरफळ नाही, सुरंगी नाही, टाकळा नाही. आमच्या गावात कुणी कधी पाहिली नाहीत अशी झाडं मात्र आहेत. शेजारच्या गावातल्या मित्राला फोन केला, त्यांची वही त्याने वाचून दाखवली. पानंच्या पानं तीच, गावाचं नाव तेवढं वेगळं. मला त्या रात्री झोप लागली नाही. कुणीतरी बाहेर बसून आमचं गाव लिहिलं आणि त्यात आमचं गावच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या काकींकडे गेलो. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांना घेऊन घरापासून व्हाळापर्यंत चालत गेलो, जेमतेम अर्धा किलोमीटर. त्या काठीने झाड दाखवायच्या, मी लिहायचो. त्रेसष्ट नावं झाली. मला त्यातली वीससुद्धा येत नव्हती. एका झुडपाशी थांबून त्या म्हणाल्या, "पान आदी चुरगाळ, वास घे, मगे नाव इचार." मी पान चुरगळलं, नाव लिहिलं आणि विचारलं, हे कशावर देतात? त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला. "ता लिवू नको. औषध सांगला काय गुण जाता."

तर माझे प्रश्न. नवी वही करायची ठरवलं आहे. नावं कोणती लिहायची, गावची की पुस्तकातली? उपयोग किती लिहायचे? आणि औषधाचं काय करायचं? ज्यांनी आपल्या गावात असं काही केलंय त्यांनी जरूर लिहा.

सड्यावरची

पहिल्यांदा अभिनंदन. मी राजापूरकडची. एक विनंती: वही फक्त झाडांची करू नका.

आमच्या गावचा मोठा भाग म्हणजे सडा, जांभ्या कातळाचं उघडं पठार. सातबाऱ्यावर पोटखराबा. मे महिन्यात तिथे उभं राहिलात तर काळा तापलेला जांभा आणि करपलेलं गवत, दुसरं काही नाही. पण जूनचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस गेले की कातळावरच्या मुठीएवढ्या मातीतून दीपकाडी वर येते. एकेका दांड्यावर पांढरी फुलं, आणि संध्याकाळी सगळा सडा दिवे लावल्यासारखा दिसतो. हा कंद फक्त कोकणात होतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. मग सीतेची आसवं येतात, निळी-जांभळी, चिमटीत धरता येणार नाहीत एवढाली. त्यांच्या मुळाशी बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म किडे अडकतात. कातळात अन्न नाही म्हणून झाडाने स्वतःची सोय केली. दवबिंदूही तिथेच, चिकट केसांनी किडे धरणारी.

या जागेला आपण कागदावर खराबा म्हणतो आणि चिऱ्याच्या खाणीला देऊन टाकतो. माझ्या माहेरच्या सड्यावर आज चौकोनी खड्डे आहेत, पावसाळ्यात त्यात पाणी भरतं आणि गुरं पडतात. तिथे दीपकाडी होती हे सांगणारा एक कागद तरी हवा होता. म्हणून म्हणते, सडा लिहा, मळ्याचा बांध लिहा, खाजण (खाडीकाठची खारी जमीन) लिहा.

चाकरमानी_गिरगाव

वाचनखूण साठवली. माटवीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या सजावटीचं) सामान विसरू नका! लहानपणी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आजोबांबरोबर रानात जायचो. कवंडळाची लालभडक फळं, शेरवडाची पांढरी पानं, कांगलांचे घोस, तिरफळाचे घड, तेरडा, कळलावी. आजोबा कोयतीने वेल कापायचे पण मूळ कधीच ओढायचे नाहीत. आता दादरच्या बाजारातून प्लॅस्टिकची माटवी नेणारे शेजारी बघतो तेव्हा वाईट वाटतं.

वनस्पती_मास्तर

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. नावांच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. पण गावचं नाव आधी, मोठ्या अक्षरात.

कारण सांगतो. तुमच्याकडे फागलं म्हणतात त्याला कुणी कर्टोली म्हणतं, कुणी कंटोळी. फोडशी घाटावर गेली की कुलू होते. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात. उलटही होतं: अळू म्हटलं की एकाला वडीचं पान आठवतं, दुसऱ्याला रानातलं काटेरी झाड आणि त्याची खाण्याची फळं. कुडा म्हटलं तर पांढरा की काळा? आवेवर देतात तो पांढरा कुडा. नुसतं खोड बघून काळा कुडा उचलून आणला तर उपयोग नाही. म्हणून गावच्या नावासमोर शास्त्रीय नाव हवंच, ते जगात एकच असतं.

पण उलट्या क्रमाने जाऊ नका. यादी घेऊन गावात गेलात आणि "हे आहे का?" विचारत सुटलात तर लोक हो म्हणतील. रिकाम्या हाताने जा, त्यांना दाखवू दे. प्रत्येक झाडाची फांदी, शक्यतो फुलासह, जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवा. चार दिवस रोज कागद बदला, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी येते. कागदावर तारीख, जागा आणि सांगणाऱ्याचं नाव. फूल नसेल तर ओळख पक्की करायची घाई करू नका. वर्षभर चाला. ज्येष्ठातलं रान आणि माघातलं रान ही दोन वेगळी रानं आहेत.

पेणकरीण

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला शंभर वेळा +१. आमच्याकडे शेवळं बाजारात दिसतात ती पाऊस सुरू व्हायच्या तोंडाला, थोडेच दिवस. नंतर त्याच जागी मोठं छत्रीसारखं पान उभं असतं आणि नवख्या माणसाला सांगून पटत नाही की हेच ते.

वहीत कृती लिहाल ना? शेवळं ही नुसती "खाद्य" असं लिहून सोडायची वस्तू नाही. वरचं तपकिरी-जांभळट वेष्टन सोलायचं, आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला दाणेदार पिवळसर भाग काढून टाकायचा. तो राहिला तर घसा असा खवखवतो की जन्मात परत हात लावणार नाही. बारीक चिरून तेलात परतायचं, आणि काकडं घालायचीच. काकडं म्हणजे काकडी नव्हे हो, काकडाच्या झाडाची हिरवी आंबट फळं. वाटून, रस काढून घालतात. शेवळाची खाज काकडाने मरते. बाजारात कातकरी बायका दोन्ही एकाच टोपलीत घेऊन बसतात. शेवळांची जुडी घेतली की काकडं सोबत ठेवतातच. त्या दोन झाडांचं नातं त्यांना ठाऊक आहे. वहीत एका पानावर शेवळं आणि चाळिसाव्या पानावर काकड असं केलंत तर ते नातं तुटलं. दोन्ही एका पानावर घ्या.

तिरफळ_प्रेमी

बांगड्याच्या तिकल्यात (तिखट कालवणात) तिरफळ आणि आंबटाला सोलं (आमसुलं). हेही एकाच पानावर. नाहीतर वही अपूर्ण!

पेणकरीण

@तिरफळ_प्रेमी: मंजूर. :) फक्त बी काढून टाकायचं आणि साल ठेवायची, हेही लिहा. आमच्या नव्या सुनेने पहिल्यांदा बियांसकट वाटलं होतं, कालवणात वाळू पडल्यासारखं लागलं.

तिळारीकाठ

वातावरण बिघडवायचं नाही, पण बोलतो. वही लिहून काय होणार?

मी दोडामार्ग तालुक्यातला. आमच्याकडे डोंगरच्या डोंगर रबरासाठी साफ झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी वन थोडं, बहुतेक जंगल खाजगी मालकीचं. जमीन विकली, नव्या मालकाने जेसीबी लावला, आठ दिवसांत शंभर वर्षांचं रान आडवं. मी लहान असताना आमच्या मागच्या डोंगरावर गरुड यायचे. (आम्ही धनेशाला गरुड म्हणतो.) पंखांचा आवाज एवढा की घरात बसून कळायचं. त्यांना ढोलीसाठी जुना बेहडा नाहीतर सातवीण लागते, खायला वड-उंबर-काजरा. बेहडे गेले, गरुड गेले. आणि बी पेरणारे गरुडच गेले तर पुढचा काजरा कोण लावणार?

काय वाचलं तेही सांगतो. हेवाळे-बांबर्डे इथे भालांदेश्वराची राई आहे. तिथे रानजायफळाची दलदल आहे, झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. अशी दलदल महाराष्ट्रात मिळेल असं कुणाला वाटत नव्हतं. आज ते जैवविविधता वारसा स्थळ आहे. पण आधी शेकडो वर्षं ती जागा वाचली ती देवाच्या भीतीने, वहीने नाही.

व्हाळापलीकडे

@तिळारीकाठ: दादा, वातावरण बिघडलं नाही. हे लिहायलाच हवं होतं. पण त्या राईत काय आहे ते कुणीतरी आत शिरून बघितलं, लिहिलं, म्हणून वारसा स्थळ झालं ना? देवाची भीती कमी होत चाललीय. आमच्या राईत दोन वर्षांपूर्वी सभामंडप मोठा करायला तीन झाडं तोडली. तोडणाऱ्यांना त्यांची नावंही माहीत नव्हती.

सड्यावरची

देवराईवरून: माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. लिहिल्याने लगेच काही वाचत नाही हे खरं, पण न लिहिलेल्या रानासाठी भांडायला हातात काहीच नसतं.

भाजावळ

शेतकरी बोलतोय. लांजा तालुका.

तुम्ही सगळे झाड वाचवायचं म्हणता. मला वाटतं, झाड उपयोगात राहिलं तर राहतं. माझे वडील दरवर्षी ऐन-किंजळीची कवळ (पाल्यासकट कोवळ्या फांद्या) तोडायचे. झाडावर चढून फांद्या साळायच्या, शेंडा राखायचा, भारे बांधून तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर पसरायचे, वर शेण, पातेरा, माती. मेमध्ये वाऱ्याची दिशा बघून भाजायचं. त्या राखेत रोप तरारून यायचं. एकेका किंजळीवर घराण्याचा हक्क असायचा, दुसऱ्याने तोडली तर भांडण. का? कारण पुढच्या वर्षी परत लागणार. युरिया आला, कवळ थांबली. आणि मग माझ्या सख्ख्या चुलत्यांनी त्याच किंजळी कोळशासाठी ठेकेदाराला दिल्या. चाळीस वर्षं दरवर्षी छाटून जगवलेली झाडं दोन दिवसांत गेली. मी तिथे होतो, काही बोललो नाही. अजून लागतं ते.

भाजावळीने मातीतले जीव जळतात असं कृषी खात्याचे लोक सांगतात, तेही खोटं नाही. मी परत भाजा म्हणत नाही. पण वहीत एक रकाना असू द्या: हा उपयोग कधीपर्यंत होता आणि का थांबला.

तिळारीकाठ

@भाजावळ: काका, अर्धं पटलं. पण उपयोगामुळेच जी संपली त्यांचं काय? नरक्या बघा. कर्करोगाच्या औषधाला लागणारं कॅम्प्टोथेसिन त्यात मिळतं हे कळलं आणि सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. गावच्या माणसाला किलोमागे किरकोळ पैसे, झाड मुळापासून उपटलेलं. सप्तरंगीचंही तेच, मधुमेहावर चालते म्हटल्यावर मुळं खणून पोती भरली.

वैदूचा_नातू

याच वळणाची वाट बघत होतो. माझे आजोबा झाडपाल्याचं औषध द्यायचे. काविळीला लोक लांबून यायचे. पैसे घेत नसत, नारळ आणि पानविडा तेवढा. माझा स्पष्ट विरोध आहे: औषध लिहू नका.

काकी बरोबर बोलल्या. "गुण जातो" ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देऊ नका. आजोबा मूळ काढायला जाताना आदल्या दिवशी झाडाला तांदूळ वाहून निमंत्रण द्यायचे. आम्हाला म्हणायचे, "झाडाक हात लावच्या आदी इचारूक व्हया." उत्तरेकडची साल घ्यायची, पूर्ण गोल कधी सोलायची नाही. एका झाडाची साल घेतली की त्या वर्षी परत त्याच्याकडे जायचं नाही. हे सगळं मिळून औषध होतं. तुम्ही वहीत लिहाल "अमुक झाडाची साल, काविळीवर". निमंत्रण कोण लिहिणार? साल गोल सोलली की झाड मरतं. ती वही वाचून उद्या कुणी कोयता घेऊन गेला तर गुण गेलाच की.

कायदेवाचक

@वैदूचा_नातू: तुमची भीती खरी आहे. दुसरी बाजू मांडतो.

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं. जे आपल्या आजीने गुडघ्यावर दाबलं तेच. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक होते. सीएसआयआरने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. कशाच्या जोरावर? जुन्या लेखांच्या. आजी सांगते हे तिथे पुरावा म्हणून चालत नव्हतं, छापील हवं होतं. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला तो या धड्यातूनच.

आणि वही म्हणजे सगळं चव्हाट्यावर असं नाही. सांगणाऱ्याने मागणी केली तर माहिती गोपनीय ठेवता येते. बाहेरच्या कंपनीला गावातलं काही व्यापारासाठी न्यायचं असेल तर समितीचा सल्ला घ्यावा लागतो, लाभातला वाटाही मिळू शकतो. पण वहीच कोरी असेल तर समितीला काय होतं आणि काय गेलं तेच कळणार नाही.

वैदूचा_नातू

कायदा वाचला, धन्यवाद. एक सांगायचं राहिलं. आजोबा २०११ मध्ये गेले. त्यांनी वडिलांना शिकवलं नाही कारण वडील मुंबईला. मला दोन झाडं दाखवली, तिसरं दाखवणार होते. त्या तिसऱ्याशिवाय पहिली दोन कामाची नाहीत. त्यामुळे मी न लिहिण्याच्या बाजूने बोलतोय खरा, पण आमच्या घरातलं न लिहिल्यामुळेच गेलं. दोन्ही खरं आहे. मला यातून वाट दिसत नाही, म्हणून हा धागा रोज उघडतोय.

डॉक्टर_आरोंदा

सिंधुदुर्गात पंचवीस वर्षं दवाखाना चालवते. एका गोष्टीवर हात जोडून सांगते.

ओळख चुकली तर जीव जातो. कळलावी माटवीला सुंदर दिसते, पण तिचा कंद विषारी. रताळं किंवा करांदा समजून खाल्ला तर उलट्या-जुलाबापासून सुरुवात होते आणि पुढे अवयव निकामी होतात. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असतं. फळ नारिंगी, गोंडस, मुलं खेळायला घेतात. गरुड गर खाऊन बी टाकून देतो, माणसाला तेवढं कळत नाही. आणि साप चावल्यावर कुठलंही मूळ, कुठलाही पाला लावत वेळ घालवू नका. घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चारही विषांवर प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. माझ्यासमोर आलेल्या काही रुग्णांना दोन तास उशीर झाला नसता तर ते आज असते.

म्हणून वहीत विषारी झाडांना लाल खूण करा. हा रकाना उघडा ठेवा, सगळ्यांनी वाचावा असा. बाकी औषधं गोपनीय ठेवा की न ठेवा, तुम्ही ठरवा.

चाकरमानी_गिरगाव

डॉक्टरताई, दिवाळीत पहाटे कारीट फोडून सातवीणीचा कडू रस देतात तो चालतो ना? आई सोडत नाही.

डॉक्टर_आरोंदा

आईने ओळखून आणलेल्या झाडाचा एक घोट वर्षातून एकदा, माझ्या सासरीही घेतात. दिव्यांच्या दिवशी तोंड कडू करायची ही रीत मला फार आवडते. मात्र झाड आईनेच ओळखायला हवं, बाजारातल्या बाटलीतला रस नको.

रातांबे

कोकमाचं कुणीच बोललं नाही!

आमच्याकडे मेच्या शेवटी घरभर रातांबे. फोडायचे, बी बाजूला, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात. परत रस, परत ऊन, अशी चार-पाच पुटं दिली की आमसूल काळंभोर होतं. एका वळवाच्या सरीने सगळं वाया जाऊ शकतं, म्हणून मेमध्ये आईचा एक डोळा कायम आभाळाकडे. बिया टाकत नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या. वर तरंगतं ते तूप थंड होताना गोळा करून मुठीत दाबायचं, ते मुठेल. बोटांचे ठसे उठलेले असतात त्यावर. माझ्याकडे आजीने वळलेलं शेवटचं मुठेल आहे. भेगांना लावायला काढते आणि ठसे बघून परत ठेवते.

वहीसाठी महत्त्वाचं: रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी असतात. आमच्या बाबांनी फळ देत नाहीत म्हणून दोन नर झाडं तोडून काजू लावले. पुढच्या दोन-तीन वर्षांत राहिलेल्या झाडांवर फळ घटलं, आणि का ते कुणाला कळेना. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या एकाने सांगितल्यावर कळलं. तेव्हा "उपयोग" रकान्यात "काही नाही" लिहिण्याआधी दहा जणांना विचारा.

वनस्पती_मास्तर

@रातांबे: हा प्रतिसाद मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवतोय.

गावच्या नावांबद्दल एक जुनी गोष्ट राहिली. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवला, १६७८ ते १६९३. इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य त्यात होते. पहिल्या खंडात त्यांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलं आहे, आणि झाडांच्या चित्रांवर नावंही नागरीत कोरली आहेत. पुढे लिनियसने शास्त्रीय नावं देताना हा ग्रंथ वापरला. म्हणजे शास्त्रीय नावाच्या आधी गावचं नाव होतं, आणि कुणी सांगितलं त्यांचीही नावं त्यांनी लिहून ठेवली. व्हाळापलीकडे, तुमच्या वहीत काकींचं नाव जाडजूड अक्षरात असू दे.

पेणकरीण

अंगावर काटा आला मास्तर.

व्हाळापलीकडे

मंडळी, तीन महिन्यांनी परत येतोय. उशिराबद्दल क्षमा, लावणीत अडकलो होतो.

काय झालं ते सांगतो. शाळेतल्या सातवीच्या मुलांना घेऊन दर शनिवारी चालतो. रिकाम्या हाताने, मास्तरांनी सांगितलं तसं. मुलं घरून एक झाड "आणतात", म्हणजे आजीला विचारून त्याचं नाव आणि एक गोष्ट. एका मुलीने कुंभ्याची साल आणली आणि तिच्या पणज्याने ती वळून दोर केला होता तो दोरही आणला. तो दोर अजून तुटत नाही. आजवर एकशे अठ्ठ्याऐंशी नावं झाली, शास्त्रीय ओळख त्यातल्या नव्वदच्या आसपास झाडांची. बाकीची फुलाची वाट बघतायत. सडा आमच्याकडे छोटाच आहे, पण तो घेतला. शेवळं नाहीत, पेणकरीण ताई. तिरफळ आणि बांगडा एका पानावर आहेत. 'का थांबला' हा रकाना आहे आणि तो सगळ्यात जास्त भरतोय. विषारीला लाल खूण केली. काजऱ्याच्या झाडाखाली मुलांनी स्वतःहून पाटी लावली.

औषधाचं असं ठरलं. ग्रामसभेत वाद झाला, दीड तास. शेवटी दोन वह्या. पहिली सगळ्यांची: नाव, जागा, खाणं, लाकूड, सण, विष. दुसरी औषधाची, ती गावाबाहेर जाणार नाही. ज्याने सांगितलं त्याच्या सहीशिवाय तिचं पान उघडायचं नाही. आणि प्रत्येक औषधासोबत ते कसं घ्यायचं, किती घ्यायचं, काय सोडायचं, म्हणजे वैदूचा_नातू यांनी लिहिलेलं "निमंत्रण", हे लिहिल्याशिवाय ते पान पूर्ण धरायचं नाही.

हे घेऊन काकींकडे गेलो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी सांगतंय, पण तू लिवू नको. तुझ्या चेडवाक लिवूक सांग." माझी मुलगी सातवीतच आहे. तर आता रोज संध्याकाळी ती काकींच्या ओट्यावर वही घेऊन बसते, आणि मला तिथे थांबायला परवानगी नाही.

वैदूचा_नातू

डोळे भरले. काकींना नमस्कार सांगा. मला माहीत असलेली दोन झाडं मी माझ्या गावच्या वहीत लिहायला तयार आहे. तिसऱ्याची जागा कोरी ठेवेन.

तिळारीकाठ

तुमच्या वहीचे रकाने इथे टाकाल का? आमच्याकडे रबर न लावलेल्या दोन वाड्या उरल्या आहेत. तिथून सुरू करतो.

व्हाळापलीकडे

नक्की, उद्या टाकतो. एक अडलंय तेवढं सोडवा. काल काकींनी देवराईच्या कडेचं एक झाड दाखवलं, कमरेएवढं झुडूप. नाव त्यांनाही आठवेना. म्हणाल्या, माझी आये ह्येका काहीतरी म्हणायची, तोंडावर आहे. रात्री दोनदा उठून आठवत बसल्या म्हणे. पान हाताच्या तळव्याएवढं, कडा साध्या, खालून किंचित पांढुरकी लव.

वनस्पती_मास्तर

पानं समोरासमोर की एकाआड एक? देठ तोडल्यावर चीक येतो का? चुरगळल्यावर वास?

व्हाळापलीकडे

समोरासमोर. चीक नाही. वास हिरव्या कैरीचा, पण अगदी पुसट. फूल अजून नाही. आलं की त्याच दिवशी इथे फोटो टाकतो.